डेंग्यूचा ताप आणि यकृताचे रक्षण



खान्देशात पावसाळा स्थिरावला, की जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रीघ लागते. डेंग्यू म्हटले की सर्वांचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे जाते. परंतु हा विषाणू यकृतालाही सोडत नाही, याची जाणीव फार थोड्या कुटुंबांत असते.

डेंग्यूच्या बहुतेक रुग्णांत यकृताला थोडाफार दाह होतो. रक्ततपासणीत एसजीओटी व एसजीपीटी वाढलेले दिसतात. त्यातही एसजीओटी अधिक. बहुसंख्य रुग्णांत ही सूज काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मात्र रक्तवाहिन्यांतील द्रव पाझरून रक्तदाब घसरला, तर यकृताचा रक्तपुरवठा कमी होतो आणि क्वचित ते निकामीही होते.

येथे घरातील एक सवय घातक ठरू शकते. तापावरचे पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित आहे. अतिमात्रेत तेच यकृताला विषासमान ठरते. तापाची एक गोळी, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी. नावे निराळी, पण अनेकदा आत औषध तेच! म्हणून प्रत्येक वेष्टन वाचावे आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव बळावतो, ती टाळावीत.

ताप उतरला म्हणजे संकट टळले, असे समजू नये. त्यानंतरचे 24 ते 48 तासच खरे कसोटीचे. तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसताच रुग्णालय गाठावे. डोळे पिवळे दिसले म्हणून कावीळ उतरवून घेण्यात किंवा गळ्यात माळ घालण्यात मोलाचा वेळ दवडू नये.

रोगाचे मूळ मात्र आपल्या अंगणातच असते. जेथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे पिंपे, रांजण व हौद भरून ठेवणे ही कुटुंबाची गरज आहे. तिला दोष देता येत नाही. पण एडिस डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटतात आणि कोरडी पडूनही अनेक महिने जिवंत राहतात. नुसते पाणी ओतून टाकणे त्यामुळे पुरेसे नाही. भांडे आतून घासलेच पाहिजे. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस हवा, आणि तो एका घराचा नव्हे, संपूर्ण वस्तीचा. शेजारच्या हौदातील डास कुंपण मानत नाही.