खोक्यातला बाहुला आणि गाठीचा पैसा



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. विषय आहे खेळण्यातल्या बाहुल्यांचा. पण लहान पोरांच्या नव्हे, कमावत्या पोरांच्या!

पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेली काही मुलं हल्ली सिनेमातल्या, कॉमिकमधल्या वीरांचे प्लॅस्टिकचे बाहुले विकत घेतात. कुणी हजाराचा, कुणी पाच हजारांचा. खोकं फोडत नाहीत, तसंच कपाटात मांडून ठेवतात. आई म्हणते, "अरे, हे काय लहान मुलासारखं?" तर उत्तर येतं, "आई, ही गुंतवणूक आहे. वीस वर्षांनी बघ, याचे लाख होतील." आई गप्प बसते. पण उद्या हाच मुलगा म्हणाला, "गटातून थोडे पैसे काढून दे, माल संपायच्या आत घ्यायचाय," तर? तेव्हा आपल्याजवळ उत्तर हवं. ते आज मिळून शोधू.

या बाहुल्यांना म्हणतात ॲक्शन फिगर. हे नाव कसं पडलं, तेही गमतीचं आहे. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा सैनिक विकायला काढला. बारा इंच उंच, हातपाय वळणारा, कपडे बदलता येणारा. म्हणजे बाहुलीच की! पण मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या धास्तीने कंपनीने बाहुली हा शब्दच टाळला आणि नवं नाव काढलं.

पुढे १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा सिनेमा आला आणि तुफान चालला. खेळणी करायचं काम होतं केनर कंपनीकडे. नाताळ आला तरी बाहुले तयार नाहीत. मग कंपनीने काय करावं? जवळजवळ रिकामं पाकीट विकलं! आत एक कूपन. ते भरून पाठवायचं आणि बाहुले पुढच्या वर्षी टपालाने घरी येणार. लोकांनी तेही घेतलं. १९७८ मध्ये बारा बाहुले दुकानात आले. एकेक साधारण दोन डॉलरला.

आता नीट ऐका, कारण सगळी गोम इथे आहे. ते बाहुले मुलांनी खेळायला घेतले. मातीत पुरले, पाण्यात बुडवले, हात मोडले, तलवारी हरवल्या. मुलं मोठी झाल्यावर आयांनी घर आवरताना टाकून दिले. जपून ठेवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. म्हणून पाकीट न फोडलेले फार थोडे उरले, आणि ते आज महाग आहेत. मोडके, खेळून झिजलेले मात्र अजूनही थोडक्या डॉलरांत मिळतात.

मुलं आपल्याला एक मोठा आकडा सांगतात. बोबा फेट नावाच्या बाहुल्याला २०२४ साली अमेरिकेतल्या लिलावात ५ लाख २५ हजार डॉलर मिळाले. आपले चार कोटींहून जास्त. हे खरं आहे. पण तो बाहुला कुठला? त्याच्या पाठीवरून रॉकेट उडायचं. त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीच्या खेळण्यातला असाच उडणारा तुकडा घशात अडकून एका मुलाचा जीव गेला. त्यामुळे केनरने रॉकेट उडवणारा बाहुला कधी विकलाच नाही. रॉकेट पक्कं चिकटवून मगच तो ग्राहकांना दिला. कोटींना गेला तो कारखान्यातला नमुना होता. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त भाव आला, तो दुकानात कुणाला विकतच मिळाला नसता! दुकानातून घेतलेल्या बाहुल्याला त्या आकड्याची आशा दाखवणं म्हणजे नुसतं मृगजळ.

मग लोकांनी मुद्दाम जपून ठेवले, त्यांचं काय झालं? १९९९ साली 'स्टार वॉर्स'चा नवा सिनेमा येणार होता. ३ मे रोजी मध्यरात्री अमेरिकेतली खेळण्यांची दुकानं उघडली. रांगेत मोठी माणसं! जुन्या बाहुल्यांचे भाव ठाऊक होते, म्हणून लोकांनी खोकीच्या खोकी घेऊन माळ्यावर ठेवली. पंचवीस वर्षं उलटून गेली. त्यातल्या बहुतेकांना आजही फारसा भाव नाही. का? कारण सगळ्यांनीच जपले.

हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एका वर्षी टोमॅटोला भाव मिळतो, पुढच्या वर्षी अख्खा तालुका टोमॅटो लावतो, आणि मग तोच टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो. बाहुल्यांचंही तसंच. खोक्यावर 'संग्राहकांसाठी खास' असं छापलं, की समजायचं, हजारोजण तो जपणार आहेत.

कंपन्यांनाही हा फटका बसतो. मोठ्या डोक्याचे छोटे बाहुले करणारी फंको ही अमेरिकी कंपनी. गोदामं इतकी भरली की माल ठेवणंच महाग पडायला लागलं. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं, की ३ ते ३.६ कोटी डॉलरचा माल आम्ही नष्ट करणार. करणाऱ्यालाच जो माल नकोसा होतो, तो आपण तिजोरीसारखा जपायचा का?

आता आपल्या घराचा हिशेब करू. समजा, पाच हजार रुपये सात टक्क्यांनी बँकेत ठेवले आणि व्याजावर व्याज चढू दिलं. दहा वर्षांत ते जवळजवळ दहा हजार होतात. म्हणजे पाच हजारांचा बाहुला दहा वर्षांनी सगळा खर्च जाऊन दहा हजारांना गेला, तर कुठे बरोबरी झाली. त्यात कुरियर आलं, विकून देणाऱ्या साइटचं कमिशन आलं. परदेशातून मागवला असेल तर जकात. आपल्या सरकारने खेळण्यांवरची जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के केली, २०२३ साली ७० टक्के. ती घेताना भरावी लागते, विकताना कुणी परत देत नाही.

शिवाय प्लॅस्टिक म्हातारं होतं. उन्हाने पिवळं पडतं, काही जातींचं चिकट होतं. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, उंदीर कुरतडतो. आणि इथे खोक्यालाही बाहुल्याइतकीच किंमत असते. कोपरा दुमडला तरी भाव उतरतो. नकली माल तर बाजारात ढिगाने आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अडीनडीला काय उपयोग? रात्री दवाखाना निघाला तर सोनं गहाण ठेवता येतं. बँकेतली ठेव मोडता येते, आणि बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंत विमा असतो. शेळी करडं देते. बाहुला मात्र ना व्याज देतो, ना दूध. त्याला गिऱ्हाईक भेटेपर्यंत बसून राहायचं.

म्हणून माझं मत सरळ आहे. बाहुला हा शौक आहे, गुंतवणूक नाही. आणि शौक करणं हा गुन्हा नाही, बरं का! आपण पैठणी घेतो ती काय परत विकायला? पोराला आनंद होतो, स्वतःच्या कमाईतून घेतो, घरखर्चाचे पैसे देतो, तर त्याला हिणवू नका. फक्त गुंतवणूक हे नाव त्याला देऊ नका.

त्याला शांतपणे तीन प्रश्न विचारा. पहिला, हा बाहुला कधीच विकला गेला नाही तरी तुला आवडेल का? दुसरा, यात पैसा कुणाचा आहे, तुझ्या पगारातला की उसना? तिसरा, असाच बाहुला गेल्या महिन्यात खरोखर कितीला विकला गेला, ते दाखव. लोक किती मागतात ते नको. मागणारा काहीही मागतो. देणाऱ्याने किती दिले, तोच भाव.

गटासाठी मात्र नियम पक्का ठेवा. बचत गटाचं कर्ज बियाणं, शिलाई मशीन, शाळेची फी, आजारपण यांसाठी. बाहुल्यांसाठी नाही. आणि कुणी गावात येऊन "आमच्याकडून माल घ्या, दुप्पट भावाने आम्हीच परत घेऊ" असं सांगायला लागला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. भविष्यातल्या भावाची हमी कुणीच देऊ शकत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी. तिचा कारखाना आपल्या शेजारी गोव्यात आहे. तिने पूर्वी भारतात जी. आय. जोचे बाहुले काढले होते. काहींचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा वेगळे होते, म्हणून परदेशातले हौशी लोक ते शोधत असतात. तेव्हा दिवाळीची झाडलोट करताना मुलाचा जुना खेळण्यांचा डबा सापडला, तर लगेच भंगारवाल्याला देऊ नका. घासू नका, रंगवू नका. आधी मुलांना मोबाईलवर भाव बघायला सांगा. मिळाले तर चार पैसे मिळतील, नाहीतर नातवंडं खेळतील. तो पैसा कधीच वसूल झालाय, त्यामुळे त्यात गमावण्यासारखं काही नाही.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. कुणाच्या घरी असे बाहुले आहेत, किती पैसे गेले, मोकळेपणाने बोला. आणि तरुण पोरांनाही बोलवा. त्यांचं म्हणणंही ऐकून घेऊ.