सीडीचे सोंग घेणारा मोडेम

श्रोतेहो, जुना संगणक, त्यावर लिनक्स आणि इंटरनेटसाठी यूएसबीला लावायचा डोंगल, अशी जोडी असलेल्यांसाठी आज थोडं बोलायचं आहे. केबल जिथे पोचत नाही तिथे मुलांचे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म याच डोंगलवर भरले जातात आणि नेमका मुदतीच्या आदल्या दिवशी तो लागत नाही. दुकानदार सांगतो, "लिनक्सवर हे चालायचंच नाही." मग माणूस नवा डोंगल तरी घेतो, नाहीतर लिनक्स पुसून तरी टाकतो. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते.

यातली गंमत समजून घ्या. बरेचसे डोंगल संगणकाला जोडताच 'मी मोडेम आहे' असं सांगत नाहीत. 'मी सीडी ड्राइव्ह आहे' असं सांगतात. त्या खोट्या सीडीत विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर असतं. विंडोज ते बसवून घेतं, मग ते सॉफ्टवेअर डोंगलला एक खूण करतं, आणि तो सोंग टाकून मोडेम होतो. लिनक्सवर ही खूण करणारं कोणी नसेल, तर डोंगल जन्मभर सीडीच राहतो.

खूण करण्याचं काम 'यूएसबी मोडस्विच' नावाचा छोटा, फुकट प्रोग्राम करतो. तो आहे का आणि काम करतो का, हे पाहायला टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्या. जोडलेल्या वस्तूंची यादी येते, प्रत्येकीपुढे क्रमांक असतो. हुआवेईचे क्रमांक १२डी१ ने सुरू होतात. त्यापुढे १४४६ दिसलं, तर स्वारी अजून सोंगात आहे. थोड्या वेळाने ते बदलून १००१ किंवा असंच काही झालं, तर मोडेम जागा झाला.

यादीत नावच नसेल तर दोष सॉफ्टवेअरचा नव्हे. डोंगलला वीज कमी पडत असेल. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. लांबलचक वायर किंवा स्वस्तातला हब मध्ये असला की तेही पुरेसे पोचत नाहीत. संगणकाच्या मागच्या पोर्टला थेट लावून पाहा.

मोडस्विच नसेल तर तो इंटरनेटवरून घ्यावा लागतो, आणि इंटरनेट मोडस्विचशिवाय नाही! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. यावर उपाय सोपा आहे: मोबाईल वायरने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, आणि तेवढ्यापुरतं त्याचं नेट वापरा.

मोडेम दिसतोय, पण जोडणी होत नाही? सिमचा पिन आधी मोबाईलमध्ये घालून बंद करा. मग नेटवर्कच्या खिडकीत मोबाईल ब्रॉडबँड निवडून कंपनीचा एपीएन अचूक लिहा. एका अक्षराची चूकही चालत नाही. नंबर विचारलाच तर *९९# द्या. काही नवे डोंगल मात्र स्वतःच राउटर असतात, लिनक्सला ते नेटवर्क कार्डासारखे दिसतात. त्यांना हे काहीच लागत नाही, एपीएन त्यांच्याच पानावर भरायचा असतो.

आणि या सगळ्या खटाटोपाआधी डोंगलच्या पाठीवर काय छापलंय ते वाचा. फक्त ३जी असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, कारण २०१६ साली ती सेवा सुरू झाली तीच ४जीवर. एअरटेलनेही २०२० च्या सुमारास ३जी बंद केलं. अशा डोंगलपुढे लिनक्स काय, विंडोज काय, दोघांचेही हात टेकलेले.