तीन दिवसांत गुडघे मोकळे करणारी पुडी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा मजकूर.)

आजचा विषय माझ्या घरातला आहे, आणि त्यात चूक माझीच आहे. त्यामुळे हा भाग करू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. पण परवा एका मित्राने ग्रुपवर टाकलं, "आईच्या गुडघ्यांसाठी भारी आयुर्वेदिक पावडर मिळाली, तीन दिवसांत फरक!" म्हटलं, आता बोलायलाच हवं.

माझी आई गावी असते. वय बासष्ट. गुडघे आणि कंबर, दोन्हीची जुनी तक्रार. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झीज आहे, व्यायाम करा, वजन कमी करा. आई म्हणायची, "अरे, दिवसभर काम करते तोच व्यायाम नाही का?" मी पुण्यात. फोनवर रोज तेच ऐकायचो, "आज जिना उतरता आला नाही." आपण लांब असलो की कसं होतं माहितीये ना, काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं. ऑफिसमधल्या एकाने नंबर दिला. फोन केला, ऑनलाइन पैसे पाठवले, कुरिअरने पार्सल थेट गावी. पांढऱ्या कागदाच्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ एक. ना लेबल, ना बॅच नंबर. विकणारा म्हणाला, "शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट झिरो. फक्त आंबट खायचं नाही."

चौथ्या दिवशी आईचा फोन. "बाळा, आज मी देवळात चालत जाऊन आले!" आवाजच बदलला होता तिचा. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार भारी वाटलं.

पुढचे सात महिने पुड्या चालू. आईला भूक वाढली. तोंड गोल दिसायला लागलं. गावातल्या बायका म्हणायच्या, "पुण्याच्या पैशाने तब्येत सुधारली." हातावर जरा काही लागलं की काळे-निळे डाग. कधी नव्हती ती शुगर वाढली. दिवाळीला गेलो तेव्हा मी तिला नीट बघितलं आणि पोटात गोळा आला. रात्री मोबाइलवर वाचत बसलो. सगळी लक्षणं एकाच शब्दाकडे जात होती: स्टेरॉइड.

आता माझी दुसरी चूक ऐका, कारण ती पहिलीपेक्षा मोठी आहे. मी रागाने उठलो आणि सगळ्या पुड्या कचऱ्यात टाकल्या. आईला म्हटलं, "आजपासून बंद." वाटलं, आईला वाचवलं. तिसऱ्या दिवशी आईला उठता येईना. उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गुडघ्यांसाठी काही पुडी वगैरे घेत होत्या का?" त्यांनी असे पेशंट आधी बघितले होते.

झालं काय होतं? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर छोट्या ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी. त्या कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात. बीपी, शुगर, आजारपणाचा ताण, सगळं सांभाळायला ते लागतं. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड त्याचंच काम करतं, पण कितीतरी जोरात. बाहेरून ते बरेच आठवडे येत राहिलं की ग्रंथी काम थांबवतात. घरी रोज आयता डबा यायला लागला की चूल पेटत नाही ना, तसं. आणि एके दिवशी डबा अचानक बंद केला, तर चूल विझलेलीच असते. आईचं कॉर्टिसॉल तपासलं तर अगदी तळाला गेलं होतं.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, हेही सांगतो. दम्यात, संधिवातात डॉक्टर ते देतात, पण मोजून, आणि हळूहळू कमी करत बंद करतात. आईलाही आता तेच, गोळी रूपात, मोजून दिलं आणि पाच महिन्यांत थोडं थोडं उतरवलं. झीज मात्र त्याने बरी होत नाही. सूज दबते, दुखणं झाकलं जातं, आणि आतल्या आत हाडं ठिसूळ होत जातात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत 'आर्ट्री किंग' नावाचं सांधेदुखीचं 'नैसर्गिक' सप्लिमेंट विकलं जायचं. 2022 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला की त्यात लेबलवर न लिहिलेलं डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक सापडलंय.

कुणी म्हणेल, हा आयुर्वेदाला शिव्या देतोय. नाही हो. आपल्याकडे आयुर्वेदिक औषध बनवायलाही परवाना लागतो. पाकिटावर घटक, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारीख छापावी लागते. नोंदणी असलेला वैद्य तुम्हाला काय देतोय ते सांगतो, लिहूनही देतो. कागदाच्या पुडीवर यातलं काहीच नसतं. आणि संधिवात 'हमखास बरा' अशा जाहिरातींना तर 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे.

मग करायचं काय? या रविवारी घरी गेलात की आई-बाबांचा औषधांचा डबा उघडा. बिननावाची पुडी, गोळी, कॅप्सूल दिसली तर विचारा, पण ओरडू नका. ओरडलात की ते लपवून घेतील. वर्षानुवर्षांचं दुखणं दोन-तीन दिवसांत गायब झालं असेल, तर तिथेच शंका घ्या. आणि माझ्यासारखं फेकून देऊ नका! पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस घेतली ते सांगा, बंद कशी करायची ते त्यांनाच ठरवू द्या. पुडी हातात असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करता येते. मी फेकून दिली, त्यामुळे त्यात नेमकं काय होतं ते कधीच तपासता आलं नाही, आणि तो विकणारा आजही फोन उचलतो. औषधाचा दुष्परिणाम कळवायला 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर आहे, सेव्ह करून ठेवा.

आई आता कशी आहे? गुडघे दुखतात. खोटं कशाला सांगू. फिजिओथेरपिस्टने शिकवलंय तसं गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून रोज दाबते, सकाळी थोडं चालते, दुखलं तर जेल लावते. देवळात जायला तिला आता अर्धा तास लागतो, मध्ये दोनदा बसते. मी विचारलं, "आई, राग आला का गं माझा?" म्हणाली, "तू पाठवलंस म्हणून घेतलं रे. दुसऱ्याचं कुणाचं घेतलं नसतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा भाग. ज्या ग्रुपवर असल्या पुड्यांचे नंबर फिरतात, त्याच ग्रुपवर हाही टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!