झाडाची साल आणि झाडाचे जीवन



मूळ, खोड, साल, फांदी, पान, फूल व फळ ही झाडाच्या भागांची नावे तिसरीतील मूलही बिनचूक सांगते. परंतु तेच मूल मधल्या सुटीत शाळेच्या आवारातील कडुनिंबाची साल दगडाने सोलू लागले, तर पाठ झालेली नावे व समोरचे झाड यांचा मेळ त्याच्या मनात बसलेला नाही, हे उघड होते. तो मेळ बसवून देणे हे शिक्षकाचे काम होय.

झाड माती खाऊन वाढते, असा समज पुष्कळांचा असतो. ब्रुसेल्सचे वैद्य व्हान हेल्मॉण्ट यांनी याची परीक्षा केली. त्यांचा वृत्तांत १६४८ साली प्रसिद्ध झाला. २०० पौंड वाळविलेल्या मातीत त्यांनी ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले व त्यास केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड भरले. माती मात्र अवघी २ औंस घटली. झाड निव्वळ पाण्याचेच बनते, असे त्यांनी अनुमान काढले. ते अपुरे होते. पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाणी व हवेतील कर्बवायू यांपासून शर्करा तयार करते आणि तिच्यातूनच झाडाचे शरीर घडते. मातीतून मिळणारे क्षार अल्प, परंतु अत्यावश्यक असतात.

याचा अर्थ असा की, पाणी मुळाशी व अन्न पानांत. आणि दोन्हींची गरज सर्व झाडास. ही ने-आण खोडातून दोन निरनिराळ्या मार्गांनी चालते. पाणी लाकडातील सूक्ष्म नलिकांतून वर चढते. पानांतील अन्न सालीच्या आतल्या ओल्या थरातून खाली मुळांकडे जाते. या दोहोंच्या मधे एक अतिशय पातळ जिवंत थर असतो. तो आतील बाजूस नवे लाकूड व बाहेरील बाजूस नवी साल निर्माण करतो. जुन्या झाडाचा गाभा बहुतांशी निर्जीव असतो. म्हणूनच ढोली पडलेली जुनी चिंच वर्षानुवर्षे पालवते.

याउलट, खोडाभोवतीची साल कड्यासारखी सर्व बाजूंनी काढली, तर झाड बाहेरून काही काळ हिरवे दिसते. कारण लाकडातून पाणी वर जातच असते. मुळे मात्र साठविलेल्या अन्नावर दिवस काढतात. तो साठा संपला की मुळे मरतात, पाणी थांबते आणि झाड बहुधा वाळून जाते. घाव व मृत्यू यांत असा महिन्यांचा काळ गेल्यामुळे झाड कशाने वाळले, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

शेतकऱ्यास ही गोष्ट गुटी कलमाच्या रूपाने परिचित आहे. डाळिंबाच्या फांदीवरील सालीचे कडे काढून तेथे ओले शेवाळ बांधतात. खाली उतरणारे अन्न घावाच्या वरच्या कडेशी अडते व तेथेच नवी मुळे फुटतात. गावातील एखाद्या बागेत मुलांना हे प्रत्यक्ष दाखवावे. पाण्याचा मार्ग दाखविण्यास तेरड्याचे रोप उपयोगी पडते. ते उपटून मुळे धुवावीत व लाल शाई मिसळलेल्या पाण्यात ठेवावे. काही वेळाने पारदर्शक खोडातून तांबड्या रेषा वर चढलेल्या दिसतात.

पाठाच्या अखेरीस मुलांनी आवारातील प्रत्येक झाड तपासावे. लहानपणी आधारासाठी बांधलेली तार वा दोरी खोड जाड झाल्यावर सालीत रुतते व कड्याप्रमाणेच अन्न अडविते. अशी बंधने वेळीच सोडवावीत. साल एका बाजूस सोलली गेली असेल, तर उरलेल्या सालीतून अन्न जाऊ शकते आणि जखम कडेकडून हळूहळू भरून येते. तेथे पुन्हा इजा होऊ देऊ नये. साल हे झाडाचे नुसते पांघरूण नसून मुळांच्या अन्नाची वाट आहे, एवढे मुलांस उमगले, तर झाडाचे भाग शिकविल्याचे सार्थक झाले असे समजावे.