वाशीमहून बेटावर



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्हां उभयतांस चार शब्द बोलण्यास पाचारण केलें, हा आपला लोभ होय. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक तरुण डी. एड. होऊन नोकरीची वाट पाहत आहेत. त्यांच्या उपयोगीं पडावी म्हणून आमचीच हकीकत निवेदन करितों.

आम्ही वाशीम जिल्ह्याच्या काळ्या मातींत वाढलों. समुद्र पुस्तकांतच पाहिलेला. २०१२ सालीं शिक्षकभरती थांबली आणि आमच्या पदविका पेटींत पडून राहिल्या. पुढें डिसेंबर २०१७ मध्यें दोनशें गुणांची अभियोग्यता चांचणी झाली. तिच्या गुणांवर २०१९ सालीं आम्हांपैकीं एकास अर्नाळा बेटावर नेमणूक मिळाली. हें बेट वसई तालुक्यांत वैतरणेच्या मुखाशीं आहे. १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतलेला किल्ला, त्याभोंवतीं कोळी बांधवांची वस्ती, आणि नावेवांचून वाट नाहीं.

शिक्षणसेवकाचें मानधन तेव्हां दरमहा सहा हजार रुपये होतें. त्यांत दोघांचें भागेना. दुसऱ्यानें पलीकडच्या किनाऱ्यावर शाळा धुंडाळल्या. एका संस्थेनें गुणपत्रक पाहण्यापूर्वींच पैशांची गोष्ट काढिली. आम्ही नमस्कार करून परतलों. मग संध्याकाळीं ओट्यावर मुलें शिकविण्यास आरंभ केला. आमचें 'काऊन' ऐकून मुलांस हसूं आवरेना. त्यांची बोली आम्हांस उमजेना. भरती-ओहोटी त्यांनींच आम्हांस शिकविली. वर्षभरांत घरोघरचीं माणसें आम्हांस आपलीं म्हणूं लागलीं.

२०२३ सालीं पुन्हां चांचणी झाली, आणि २०२४ सालीं दुसऱ्यासही किनाऱ्यावरील शाळेंत जागा मिळाली. मानधन आतां सोळा हजार झालें होतें. रोज नावेनें जावें, नावेनेंच यावें. समुद्र खवळला कीं जीव टांगणीस लागतो.

तरुणांनो, पसंतीक्रम भरतांना दूरच्या गांवांस भिऊं नका. नोकरीसाठीं कोणासही पैसा देऊं नका. निघण्यापूर्वीं मानधन, घर, पाणी व नाव यांची चौकशी करा. आणि पोहोंचल्यावर शिकविण्याआधीं तेथील बोली शिका. नेमणूक गुणांनीं मिळते, परंतु गांवांतली जागा लोकच देतात.

आमचे वृद्ध आईबाप येथें आहेत, विद्यार्थी तेथें. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज करावा किंवा कसें, हें कोडें आम्हांस अद्याप उलगडलें नाहीं. आपण आमच्यासाठीं प्रार्थना करावी, इतकी विनंति करून आपली रजा घेतों.