गाणं लागलं आणि काकू बोलल्या

लोणी देवकरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. एरवी आम्ही हप्ता, व्याज, बँक याबद्दल सांगतो. आज जुन्या गाण्यांबद्दल बोलायचं आहे. हसू नका, आमच्या गटाच्या कामातलीच गोष्ट आहे.

आमच्यात एक काकू आहेत. त्यांचे मालक गेले त्याला वर्ष होत आलं होतं. काकू मीटिंगला यायच्या, बचत भरायच्या, सही करायच्या आणि कोपऱ्यात बसून राहायच्या. आम्ही आपलं म्हणायचो, "काकू, मन घट्ट करा, पोरांकडं बघा." आम्हाला वाटायचं, धीर देतोय. खरं तर आम्ही त्यांना गप्प करत होतो.

उन्हाळ्यात सगळ्या मिळून कुरडया घालत होतो. एकीनं मोबाईलवर 'मानिनी' पिक्चरमधलं बहिणाबाईंचं संसाराचं गाणं लावलं. काकूंचा हात सोऱ्यावरच थांबला. गाणं संपलं तशा म्हणाल्या, "परत लाव गं." तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी काकू मोकळ्या रडल्या. चीक पातेल्यात गार झाला, पण कुणी काही बोललं नाही. मग त्यांनीच सांगितलं, घरचे हक्कसोडपत्रावर सही मागतायत. वर्षभर आम्ही शेजारी बसत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

बहिणाबाई चौधरी जळगावकडच्या, जन्म १८८० चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता गाणी सुचायची, ती मुलानं, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी उतरवून घेतली. त्यांनाही लवकर वैधव्य आलं होतं. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. पिक्चर १९६१ चा. बोली खानदेशातली, आमच्याकडं तसं कुणी बोलत नाही. तरी काकूंना एक शब्द समजावून सांगावा लागला नाही. चुलीची धग सगळीकडं सारखीच.

गटातल्या एक आजी गीतरामायणाचं सांगतात. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी. लोक रेडिओला हार घालायचे. आजी तेव्हा लहान होत्या, पण ती गाणी पुढंही रेडिओवर लागत राहिली. आजी म्हणतात, "सासरी स्वतःसाठी रडायची सोय नव्हती. सीतेसाठी रडलं तर कुणी विचारत नव्हतं." हे ऐकून आम्हाला काकूंचं रडणं जास्त कळलं.

सगळीच जुनी गाणी चांगली, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. काही गाण्यांत बाईनं नुसतं सोसायचं आणि वर गोड बोलायचं. चाल छान असते, आम्हीही गुणगुणतो, पण पोरींना तसं वागा म्हणून शिकवणार नाही. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आमच्या पोरी गाडीत कानात वायर घालून बसतात. नवीनच काहीतरी ऐकत असतील, असं वाटायचं. एकीची वायर मागून घेतली तर आत लताबाई!

काकूंनी सही केलेली नाही. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं दिलाय, फेरफार अजून व्हायचा आहे. घरात अबोला आहे, तो कधी संपेल सांगता येत नाही. सोमवारी आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर इंदापूरला जाणार आहेत.