नवऱ्याचा अहवाल, बायकोचं घर
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण)



गणपतीच्या मांडवात एचआयव्हीचा विषय कशाला, असं काहींनी विचारलं. आम्ही म्हणतो, इथंच हवा. ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या भगिनी आपल्या शेजारीच आरतीला उभ्या असतात.

आम्ही सरकारी चाचणी केंद्रात रक्त तपासणारी माणसं. अहवाल आधी आमच्या हातात येतो, पण तो बाहेर सांगायचा नाही हा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून नाव-गाव सोडून, रोज दिसतं तेवढंच सांगतो.

नवऱ्याला लागण झाल्याचं कळलं की घरात पहिला संशय बायकोवर येतो. तिचा अहवाल निगेटिव्ह आला तरी 'पांढऱ्या पायाची' हे बोलणं सुटत नाही. नवऱ्याच्या गोळ्यांची वेळ तीच सांभाळते, बाटलीवरचं लेबल खरवडून काढते, कुणी विचारलं तर 'शुगरच्या गोळ्या' म्हणते. स्वतःची तपासणी मात्र 'नंतर बघू'. काही जणींना तर गरोदरपणाच्या तपासणीतच सगळं कळतं.

नवरा सांगायला तयार नसेल आणि पत्नीला धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक आधी नवऱ्याला समजावून, त्याला कल्पना देऊन, तिला सांगू शकतात. आम्हा तंत्रज्ञांना तो अधिकार नाही. ती समोर बाकावर बसलेली असते आणि आम्हाला गप्प राहावं लागतं. म्हणून भगिनींनो, तपासणीसाठी कुणी सांगायची वाट पाहू नका. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी पुन्हा कधी करायची, हे समुपदेशकाला विचारा.

औषधं सरकारी एआरटी केंद्रात 2004 पासून मोफत मिळतात. रोज नेमानं गोळी घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा होऊन तसाच राहिला, तर संबंधातून लागण होत नाही. एका ताटात जेवल्यानं, प्रसाद घेतल्यानं तर ती कधीच होत नाही. आईला लागण असली तरी वेळेवर उपचार मिळाल्यास बाळ बहुधा सुखरूप राहतं.

आता घराचं. नवरा गेला की 'माहेरी जा' म्हणणारी घरं आम्ही पाहिली आहेत. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. लागण झालेल्या माणसाबरोबर राहणारी किंवा पूर्वी राहिलेली पत्नीही, स्वतः निगेटिव्ह असली तरी, त्याच्या संरक्षणात येते. सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. तिला घराबाहेर काढता येत नाही, तसंच न्हाणीघर, स्वयंपाकघर वेगळं करून बाजूलाही टाकता येत नाही.

आपल्या बेळगाव भागात आणखी एक अडचण असते. कागद कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, आणि खानापूरकडची आपली भगिनी फक्त मराठी वाचणारी. तिनं विश्वासानं मदत मागितली, तर अर्ज वाचून दाखवायला, भरून द्यायला मंडळातलं कुणीतरी बसावं, आणि ऐकलेलं तिथंच सोडून यावं. 1097 ही मोफत हेल्पलाइनही तिला सांगावी.

शेवटी माता-भगिनींना एक विनंती. गौरीच्या हळदीकुंकवाला तिलाही बोलवा. नवरा हयात असो वा नसो, तिची ओटी भरा, आणि आजाराची चौकशी करू नका.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!